आधी धक्का, मग नौका : निवृत्त युद्धनौकेच्या जतनाची मोहीम कशी चालवावी

मराठवाड्यातल्या माजी सैनिकांच्या संघटना, महाविद्यालये आणि काही ग्रामपंचायती निवृत्त युद्धनौकेबद्दल निवेदने तयार करतात, तेव्हा त्यांत बहुतेक वेळा एकच चूक आढळते. नौका द्यावी ही मागणी पहिल्याच ओळीत असते. ती कुठे ठेवायची आणि दहाव्या वर्षी तिच्या देखभालीचे पैसे कोण देणार, याचा उल्लेख शेवटपर्यंत येत नाही. मी ज्या पहिल्या निवेदनाचा मसुदा लिहिला, त्यातही हेच झाले होते आणि त्याला उत्तरादाखल केवळ पोच मिळाली. म्हणून हा लेख कामाच्या क्रमावर भर देतो.

क्रम चुकल्याची किंमत मोठी असते. ‘विक्रांत’ ही जुनी विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षे तरंगते संग्रहालय म्हणून राहिली, सुरक्षिततेच्या कारणावरून २०१२ मध्ये प्रेक्षकांसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये मुंबईतल्याच दारूखाना इथल्या जहाजतोडणीच्या तळावर तिची तोडणी सुरू झाली. ‘विराट’ ही विमानवाहू नौका ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये तोडणीसाठी गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर पोहोचली. या दोन्ही नौकांवर लोकांचे प्रेम होते. कायमची जागा आणि कायमचा पैसा मात्र दोघींनाही मिळाला नाही.

## टप्पा १ : नेमके काय मागायचे ते ठरवा

‘युद्धनौका’ या एका शब्दाखाली निरनिराळ्या मागण्या येतात आणि प्रत्येकीचा मार्ग वेगळा असतो.

पहिली मागणी धक्क्याला बांधलेल्या तरंगत्या नौकेची. ‘खुकरी’ दीवच्या प्रशासनाकडे सोपवली गेली, ते उदाहरण समुद्रकाठच्या ठिकाणांसाठी उपयोगी आहे. दुसरी मागणी किनाऱ्यावर ओढून कायमच्या पायावर बसवलेल्या नौकेची. विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी आणि कारवारची क्षेपणास्त्रवाहू ‘चपळ’ या प्रकारात येतात. तिसरी मागणी नौकेच्या भागांची : तोफ, नांगर, डोलकाठी, रडारचा मनोरा, घंटा, सुकाणूकक्षातली उपकरणे. चौथा प्रकार नौका समुद्रतळाशी बसवण्याचा आहे. सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ ‘गुलदार’साठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तसा प्रकल्प हाती घेतला. या चौथ्या प्रकारात मराठवाड्यातल्या संस्थेला काही काम उरत नाही, म्हणून तो इथेच सोडतो.

समुद्र नसलेल्या प्रदेशाने तिसऱ्या प्रकाराकडे सर्वांत आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लखनौलाही समुद्र नाही. तरीही २८ मे २०२२ रोजी ‘गोमती’ निवृत्त झाली, तेव्हा तिचे भाग गोमती नदीच्या काठी खुल्या संग्रहालयात मांडण्याचे उत्तर प्रदेश शासनाशी ठरलेले होते. याच वर्गातली, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या नौकांतली, पहिली नौका ‘गोदावरी’. पैठण, गंगाखेड आणि नांदेडवरून वाहणाऱ्या नदीचे नाव मिरवणारी ही नौका २३ डिसेंबर २०१५ रोजी निवृत्त झाली, त्या वेळी आपल्याकडून असा प्रस्ताव तयार असायला हवा होता, ही खंत मला आजही वाटते.

> सावधान : ‘नाथसागरात (पैठणजवळच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात) नौका आणून ठेवा’ ही सूचना प्रत्येक बैठकीत येते. गोदावरी वर्गाची नौका सुमारे १२६ मीटर लांब आणि साडेतीन हजार टनांहून जड असते. ती रस्त्याने आणता येत नाही आणि सुटी करून आणली तर पुन्हा जोडण्याचा खर्च नव्या नौकेसारखा होतो. शिवाय जायकवाडी हे पक्षी अभयारण्य आहे, छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही शहरे त्याचे पाणी पितात, आणि दुष्काळी वर्षात साठा मृतसाठ्याच्याही खाली जातो. ही सूचना प्रस्तावात गेली की वाचणारा अधिकारी पुढचे पान उलटत नाही.

संपूर्ण नौकाच हवी असेल, तर आकार लहान ठेवावा. केरळमधल्या अलाप्पुझा इथे २०२१ मध्ये नौदलाची टी-८१ ही वेगवान गस्ती नौका किनाऱ्यावर बसवण्यात आली. ती सुमारे २५ मीटर लांब आणि ६० टन वजनाची होती आणि कोचीहून काही अंतर जलमार्गाने, पुढे बहुचाकी ट्रेलरवरून रस्त्याने आली. भूभागात आतवर नौका न्यायची तर वजनाची कल्पना साधारण एवढीच असावी.

## टप्पा २ : निवृत्तीच्या आधी सुरुवात करा

निवृत्तीच्या दिवशी सूर्यास्ताला नौकेवरचा ध्वज उतरतो. त्यानंतर शस्त्रे, दळणवळणाची गोपनीय उपकरणे आणि पुन्हा वापरता येणारे सुटे भाग काढले जातात आणि उरलेला सांगाडा विल्हेवाटीच्या यादीत जातो. सांगाडा धक्क्याला असेपर्यंत पहारा, पंप आणि जागा यांचा भार नौदलावर असतो. चालू नौकांसाठी लागणारा धक्का अडतो. त्यामुळे नौदलाला निर्णयाची घाई असते आणि ती योग्यच आहे.

तारखा जुळवून पाहिल्या की हे लक्षात येते. ‘खुकरी’ २३ डिसेंबर २०२१ रोजी निवृत्त झाली आणि २६ जानेवारी २०२२ रोजी दीवच्या प्रशासनाला मिळाली. पाच आठवड्यांच्या आत ताबा देता येतो तो घेणारा, जागा आणि कागद आधीच ठरलेले असतात म्हणूनच. ‘विराट’बाबत महाराष्ट्र मंत्रिमंडळाने निवतीजवळच्या ८५२ कोटी रुपयांच्या संग्रहालय प्रकल्पाला १ नोव्हेंबर २०१८ रोजी मान्यता दिली, म्हणजे निवृत्तीनंतर वीस महिन्यांनी. तोवर सांगाडा मुंबईत उभाच होता.

म्हणून निवृत्तीच्या किमान दीड वर्ष आधी काम सुरू करावे. नौकेच्या वर्गातल्या आधीच्या बहिणी कोणत्या वयात निवृत्त झाल्या, हे वर्तमानपत्रांत आणि सरकारी प्रसिद्धिपत्रकांत सापडते. त्यावरून पुढचीचा अंदाज बांधता येतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज जरूर करावा : दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत आणि उत्तर न आल्यास प्रथम अपील. मात्र प्रश्न नीट निवडावेत. एखादी नौका कधी निवृत्त होणार किंवा आज कुठे आहे, असे विचारले तर सुरक्षेच्या कलमाखाली नकार येतो. त्याऐवजी निवृत्त नौका व तिचे भाग राज्य शासनांना देण्याची कार्यपद्धती, अर्जाचा नमुना आणि यापूर्वी दिलेल्या नौकांच्या करारातल्या अटी मागाव्यात.

> तपासणी : पुढे जाण्यापूर्वी वहीत तीन नोंदी असाव्यात : नौकेचा वर्ग, निवृत्तीचा अंदाजे काळ आणि आपली मागणी कोणत्या प्रकारची आहे ते. यांतली एकही नोंद कोरी असेल तर सह्यांची मोहीम सुरू करू नये.

## टप्पा ३ : जागा

मोहिमेचा निम्मा वेळ इथे द्यावा. बाकी सर्व टप्प्यांतल्या चुका दुरुस्त करता येतात. जागेची चूक नौकेबरोबर कायम राहते.

समुद्रकाठची जागा. मराठवाड्यातली संस्था कोकणातल्या किंवा मुंबईतल्या संस्थेबरोबर काम करत असेल, तर प्रथम धक्क्याचा मालक कोण हे शोधावे. मुंबई बंदरातली जागा मुंबई बंदर प्राधिकरणाची, राज्यातल्या लहान बंदरांची जागा महाराष्ट्र सागरी मंडळाची आणि नौदल गोदीची जागा नौदलाची असते. तिघांचे अर्ज वेगळे, अटीही वेगळ्या. किनाऱ्यावर पाया घालायचा असेल तर किनारा नियमन क्षेत्राची परवानगी आणि राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागते. ही प्रक्रिया दोन-चार महिन्यांत संपेल, असे गृहीत धरू नये.

मग पाणी पाहावे. ओहोटीच्या तळाला किती खोली उरते, उधाणाच्या भरतीला नौका किती वर उचलली जाते, दर वर्षी किती गाळ साचतो आणि तो उपसण्याचा खर्च कोणाचा, हे चार आकडे लेखी असावेत. जागा हिवाळ्यात पाहून पसंत करणे ही नेहमीची चूक आहे. जानेवारीत आरशासारखे दिसणारे पाणी जुलैत नैऋत्येच्या लाटांनी नौका धक्क्यावर आपटते. जून ते सप्टेंबर या काळातले निरीक्षण, निदान स्थानिक मच्छीमार आणि बंदर निरीक्षकांचे म्हणणे, नोंदवल्याशिवाय जागा नक्की करू नये.

आपल्याकडची जागा. इथे प्रश्न मातीचा आहे. मराठवाड्यातली काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर वरवरचा चबुतरा बांधून नांगर किंवा तोफ ठेवली तर दोन-तीन वर्षांत चबुतरा कलतो. ६० टनांची नौका ठेवली तर तिचा पत्रा आधारांच्या जागी दबतो आणि चिरतो. पाया मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली न्यावा, माती परीक्षणाचा अहवाल प्रस्तावाला जोडावा आणि नौकेचा भार तिच्या अंतर्गत आडव्या भिंतींखाली येईल अशी आधारांची रचना नौका अभियंत्याकडून घ्यावी. गावच्या गवंड्याचा अनुभव कितीही मोठा असला तरी हे काम त्याच्यावर टाकू नये.

नदीकाठी जागा घ्यायची असेल तर जलसंपदा विभागाची पूररेषा तपासावी. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. स्मारक लाल रेषेबाहेरच असावे. गोदावरीकाठचे दृश्य सुंदर दिसते म्हणून या रेषा ओलांडण्याचा मोह होतो, तो आवरावा.

जमिनीचा सातबारा, फेरफार आणि ग्रामसभेचा किंवा महापालिकेचा ठराव हे तीन कागद एकत्र हवेत. गायरानाचा प्रस्ताव शक्यतो टाळावा, कारण चराईच्या जमिनीचा वापर बदलण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत आणि गावातले वादही तिथूनच सुरू होतात. महाविद्यालयाच्या किंवा महापालिकेच्या ताब्यातली, रस्त्याला लागून असलेली आणि रात्री पहारा ठेवता येईल अशी जागा सर्वांत चांगली.

> सावधान : ‘जागा मिळेल’ असे तोंडी आश्वासन म्हणजे जागा नव्हे. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत हाती येईपर्यंत पुढच्या टप्प्याचा खर्च करू नये.

## टप्पा ४ : वर्षानुवर्षांचा पैसा

उभारणीचा निधी मिळवणे तुलनेने सोपे असते, कारण उद्घाटनाच्या कोनशिलेवर नाव लागते. पंप चालवण्याच्या विजेच्या बिलावर कोणाचेच नाव लागत नाही. अंदाजपत्रकाचे म्हणूनच दोन स्वतंत्र भाग करावेत आणि दुसऱ्या भागात पहारा, वीज, रंगकाम, विमा, पत्र्याच्या जाडीची तपासणी, कर्मचारी आणि आकस्मिक दुरुस्ती हे सर्व पंधरा वर्षांसाठी मांडावे.

तरंगत्या नौकेला ठरावीक काळाने सुक्या गोदीत, म्हणजे पाणी काढून तळाची दुरुस्ती करता येते अशा जागी, न्यावेच लागते. अमेरिकेतली ‘टेक्सास’ ही जुनी युद्धनौका १९९० नंतर थेट २०२२ मध्ये सुक्या गोदीत गेली. मधल्या वर्षांत तळातून शिरणारे पाणी पंपांनी उपसत राहावे लागले. तिथल्याच बफेलो शहरातली ‘द सलिव्हन्स’ ही संग्रहालय-नौका एप्रिल २०२२ मध्ये धक्क्यालाच अंशतः बुडाली. श्रीमंत देशातही हे घडते, कारण देखभाल पुढे ढकलण्याचा खर्च पहिल्या वर्षी दिसत नाही.

निधीचे मार्ग असे : जिल्हा नियोजन समितीकडून जागा विकासाचा खर्च, पर्यटन विभागाच्या योजना, महापालिकेचे अंदाजपत्रक आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारशाचे जतन आणि माजी सैनिक व वीरपत्नींच्या हिताची कामे ही दोन्ही क्षेत्रे आहेत. वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाण्यातल्या कंपन्यांकडे जाताना या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख करावा. तिकीटविक्रीवर मात्र फार विसंबू नये. पहिल्या वर्षाची गर्दी पाचव्या वर्षी राहत नाही. तिकिटाच्या अपेक्षित उत्पन्नातून केवळ वीज आणि सफाई भागते असे धरून हिशेब करावा आणि तरीही तो जुळत असेल तरच पुढे जावे.

> तपासणी : अंदाजपत्रकातून उद्घाटनाच्या वर्षाचे सर्व अनुदान वजा करून पाहावे. उरलेल्या रकमेत तिसरे वर्ष चालत नसेल तर मागणी लहान करावी. चांगली राखलेली एक तोफ ही गंजलेल्या अख्ख्या नौकेपेक्षा मोठा सन्मान आहे.

## टप्पा ५ : ताबा घेणारा कोण

अशा हस्तांतरणात शासन किंवा स्थानिक प्रशासन ताबा घेते, ही रूढ वाट आहे. ‘विराट’ वाचवण्यासाठी २०२० मध्ये एक खासगी कंपनी पुढे आली होती. तोवर नौका विकली गेली होती आणि कंपनीला संरक्षण मंत्रालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळाले नाही. हा धडा लक्षात ठेवून रचना दुहेरी करावी : ताबा महापालिका, जिल्हा प्रशासन किंवा पर्यटन विभागाकडे आणि रोजचे संचालन करारानुसार आपल्या न्यासाकडे.

न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदवावा आणि प्राप्तिकर कायद्याखालच्या करसवलतीच्या नोंदण्या वेळीच घ्याव्यात. विश्वस्तांमध्ये नौदलातून निवृत्त झालेले निदान दोन तांत्रिक कर्मचारी असावेत. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून नौदलात गेलेली माणसे आहेत; जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने त्यांच्यापर्यंत पोहोचता येते. इंजिनकक्षात आयुष्य काढलेला माणूस पत्र्यावर बोट फिरवून जे सांगतो, ते आपल्या कोणालाच सांगता येत नाही.

## टप्पा ६ : प्रस्ताव आणि पाठपुरावा

आता कुठे निवेदन लिहायची वेळ येते. प्रस्ताव आठ-दहा पानांचा असावा आणि त्याचा क्रम असा : जागा व तिची कागदपत्रे, ताबा घेणारी यंत्रणा, पंधरा वर्षांचे अंदाजपत्रक, तांत्रिक जबाबदारी, वाहतुकीचा आराखडा आणि सर्वांत शेवटी मागणी. नौकेचा गौरव एका परिच्छेदात पुरे. ज्यांना आपण लिहितो त्यांनी ती नौका चालवलेली असते.

मार्ग जिल्हाधिकाऱ्यांपासून सुरू करावा. तिथून पालकमंत्री, राज्याचा पर्यटन विभाग आणि राज्य शासनाच्या शिफारशीसह संरक्षण मंत्रालय व नौदल मुख्यालय. थेट दिल्लीला पाठवलेले पत्र पुन्हा राज्याकडे ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ येते आणि त्यात काही महिने जातात. मराठवाड्यात लोकसभेचे आठ मतदारसंघ आहेत. आठही खासदारांनी एकाच मजकुराचे, एकाच जागेसाठीचे पत्र दिले तर त्याला वजन येते. प्रत्येक जिल्ह्याने आपल्यासाठी वेगळी मागणी केली, तर कोणालाही काही न देणे हाच सोपा निर्णय ठरतो. त्यामुळे जागेचा वाद आपापसात आधीच मिटवावा. माझ्या अनुभवात मोहिमा इथेच सर्वाधिक फुटतात.

प्रत्येक पत्राचा आवक क्रमांक आणि तारीख एका नोंदवहीत ठेवावी. दर एकवीस दिवसांनी स्मरणपत्र द्यावे आणि अधिकारी बदलले की पहिल्याच आठवड्यात पूर्ण संच नव्याने सादर करावा.

> सावधान : ताबा मिळण्याआधी वर्तमानपत्रात ‘नौका येणार’ अशी बातमी देऊ नये. श्रेयाच्या वादात शिफारसपत्रे अडकतात.

## टप्पा ७ : पाहणी, सफाई आणि वाहतूक

ताबा घेण्यापूर्वी स्वतंत्र सागरी सर्वेक्षकाकडून पाहणी करून घ्यावी. पत्र्याची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजलेली, पाण्याच्या रेषेजवळची आणि तळाची आकडेवारी अहवालात असावी. जुन्या नौकांत ॲस्बेस्टॉसची आवरणे, शिशाचे रंग, टाक्यांतला तेलाचा गाळ आणि विद्युत उपकरणांतली घातक रसायने असतात. ती कोण काढणार आणि कोणाच्या खर्चाने, हे ताबापावतीत लिहून घ्यावे. प्रेक्षकांच्या मार्गात उघडे ॲस्बेस्टॉस राहिले तर संग्रहालयाचे दार उघडूच नये, मग शाळांच्या सहली कितीही ठरलेल्या असोत.

तरंगत ठेवायच्या नौकेच्या तळाची सर्व तोंडे पोलादी पट्ट्यांनी कायमची बंद करावीत, गंजरोधक जस्ताचे ठोकळे बसवावेत आणि पाणी शिरल्याची सूचना देणारी यंत्रणा प्रत्येक कप्प्यात ठेवावी. ओढून नेण्याचे काम पावसाळ्याआधी संपवावे.

रस्त्याने आणायची असेल तर मार्गाची पाहणी ट्रेलर ठरवण्याच्या आधी करावी. टी-८१ सारखी नौका साडेपाच मीटरहून रुंद असते, म्हणजे दुपदरी रस्त्याचा बहुतेक भाग ती एकटीच व्यापते. कसारा घाटाची वळणे, समृद्धी महामार्गावरचा इगतपुरीजवळचा बोगदा, उड्डाणपुलांखालची उंची, जुन्या पुलांची भारक्षमता आणि रस्त्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा यांची मोजमापे स्वतः घ्यावीत, नकाशावरून नव्हे. रस्त्याची मालकी बदलते तिथे परवानगीही बदलते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही आणि ट्रेलर जिल्ह्याच्या सीमेवर उभा राहतो.

आपल्याकडे आल्यावर खाऱ्या हवेचा त्रास संपतो, पण आत साचलेल्या पावसाच्या पाण्याचा सुरू होतो. तळाला निचऱ्याची छिद्रे ठेवावीत, मृगाच्या आधी ती मोकळी करावीत आणि उन्हाळ्यातल्या तापलेल्या पत्र्यावर दुपारी रंग देऊ नये. तो फुगून सुटतो.

## टप्पा ८ : लिलाव जाहीर झालाच तर

एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात नौका आली की वेळ दिवसांत मोजावी लागते. न्यायालयाचा मार्ग उपलब्ध असला तरी तो फार उशिराचा असतो. ‘विक्रांत’साठीची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोडणीला अटकाव केला नाही. ‘विराट’च्या तोडणीला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्थगिती दिली, पण एप्रिलमध्ये सुनावणी झाली तेव्हा नौकेचा सुमारे चाळीस टक्के भाग तोडला गेला होता आणि याचिका निकाली निघाली.

अशा वेळी संपूर्ण नौकेची मागणी धरून बसण्यापेक्षा भागांची यादी त्याच दिवशी नौदल मुख्यालयाकडे आणि पश्चिम नौदल कमांडकडे पाठवावी. घंटा, नामफलक, नांगर व त्याची साखळी, सुकाणूचक्र आणि डोलकाठी यांची नावे यादीत स्वतंत्र लिहावीत, प्रत्येकासमोर ती कुठे मांडली जाईल ती जागा लिहावी आणि ठरावाची प्रत जोडावी. हे पत्र बोली उघडण्यापूर्वी पोहोचले पाहिजे. बोली मंजूर होऊन रक्कम भरली गेली की लिलावातून आधी वगळलेल्या वस्तू सोडता नौकेवरचा प्रत्येक खिळा खरेदीदाराचा होतो आणि मग तीच घंटा त्याच्याकडून, त्याने सांगितलेल्या भावाने, विकत घ्यावी लागते.